ट्रॅक्टर चोवीसचा, कटर किती फुटाचा?



या वेळचे संपादकीय एका फुटलेल्या गिअर बॉक्सवर लिहीत आहोत. विषय संपादकीयाच्या मानाने हलका आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी आधी दुरुस्तीचा खर्च ऐकावा. कोरडवाहूत एका एकराचा कापूस विकून जेवढा पैसा हातात येतो, तेवढा त्यात गेला. प्रवासखर्च वेगळा.

झाले असे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या तालुक्यातल्या गटाने २४ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरसाठी रोटरी कटर घेतला. कोणी त्याला स्लॅशर म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे तीन बिंदूंना टांगायचा, पीटीओच्या शाफ्टवर फिरवायचा. वर जाड पत्र्याचे छत, खाली आडवी पट्टी आणि पट्टीच्या टोकांना पाती. उभ्या पऱ्हाटीचा जागच्या जागी चुरा करायचा, उपटायची मजुरी वाचवायची आणि धुऱ्यावरचे ढीग जाळणे थांबवायचे, एवढाच हेतू. दुकानात ४ फुटी होता आणि ५ फुटीही होता. किमतीत फार फरक नव्हता. ५ फुटी मोठा, म्हणजे काम लवकर, असा सर्वांचा हिशेब झाला. दुकानदाराने धुऱ्यावरच्या वाळल्या गवतात चालवून दाखवला. गवत सपासप कापले गेले. सह्या झाल्या, फोटो झाले.

मग पऱ्हाटीत घातला. दहा पावलांत इंजिन गुदमरले. गिअर खाली आणला, तरी गुदमरले. शाफ्टवरचा शिअर बोल्ट तुटला, नवा घातला, तोही तुटला. पंधरवड्यात असे सात बोल्ट गेले. आठव्या वेळी आमच्यातल्याच एका हुशाराने साधा बोल्ट काढून ट्रकचा कडक बोल्ट ठोकला, म्हणजे कटकट मिटेल. कटकट खरोखरच मिटली. पुढच्या दणक्याला बोल्ट शाबूत राहिला आणि गिअर बॉक्समधली दातेरी चाके फुटली.

तो बोल्ट तुटण्यासाठीच केलेला असतो, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार लावावी तसा तो प्रकार होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी सुटा भाग मिळेना. आमच्या गावचा एक मुलगा बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपात टर्नर आहे. तो फोनवर म्हणाला, घेऊन या. म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघे तो गिअर बॉक्स गोणपाटात बांधून रेल्वेने निघालो. विरारला गाडी बदलून बोईसरला उतरलो तेव्हा हाताला घट्टे पडले होते. आपल्याकडची किती तरी पोरे आज तिकडे आहेत. वावराने ज्यांना सांभाळले नाही त्यांना त्या रासायनिक कारखान्यांनी आणि लोखंडाच्या शेडांनी कामाला घेतले. त्या हवेचा वास गाडीतून उतरताच नाकाला कळतो. पण तो विषय वेगळ्या अंकाचा.

त्या शेडमध्ये भिंतीकडेला पाच-सहा गिअर बॉक्स ओळीने मांडले होते. सगळे कटरचे आणि रोटाव्हेटरचे, पालघर-डहाणूकडच्या वाड्यांतून आलेले. आम्ही विचारले, हे सगळे मालच खराब होते का? पोरगा हसला. म्हणाला, "काका, यातला एकही लहान होता म्हणून मोडला नाही. सगळे मोठे होते म्हणून मोडले. कटर वावर पाहून घ्या लागते, तुम्ही कोटेशन पाहून घेता."

आम्ही गप्प बसलो. आमच्या गोणपाटातलाही त्याच जातीचा होता.

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला चिंचणीच्या बाजूला एका चिकूच्या वाडीत घेऊन गेला. आपण वावर म्हणतो, तिकडे वाडी म्हणतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. समुद्राकडच्या पट्ट्यात चिकू, केळी, पानवेल आणि भाजीपाला, मागे डोंगराकडे भात आणि वरकस जमिनीवरचे गवत. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे चांगल्या सालात जेवढा पडतो त्याच्या तिप्पट धरा. अशा पावसानंतर चिकूच्या दोन ओळींमध्ये गवत किती माजत असेल, याची कल्पना आपल्याला येणार नाही. त्या वाडीतला ट्रॅक्टरही आमच्यासारखाच २४ चा होता. त्याच्या मागे ४ फुटी कटर होता आणि तो मधल्या रेषेवरून एका बाजूला थोडा सरकवून लावला होता, म्हणजे ट्रॅक्टर फांद्यांच्या बाहेरून चालतो आणि कटर फांदीखालचे गवत घेतो. वाडीवाला म्हणाला, आधी साडेचार फुटी आणला होता, दोन महिन्यांत परत केला.

इथे एक गोष्ट आम्हाला नव्याने कळली. त्या जिल्ह्यात गवताचा मोठा व्यापार आहे. वरकस माळावरचे गवत कापून, वाळवून, त्याच्या गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जाते. आम्हाला वाटले, त्या कापणीलाही हाच कटर लावत असतील. मुळीच नाही. विकायचे गवत विळ्यानेच कापतात. रोटरी कटर गवताचे तुकडे करून जमिनीवर विखुरतो, त्याची पेंढी बांधता येत नाही. जे फेकायचे किंवा कुजवायचे आहे त्यावर कटर, जे विकायचे किंवा खायला घालायचे आहे त्यावर विळा. आपल्या ज्वारीलाही हाच न्याय लावा. कडबा हा जनावराचा वर्षाचा घास, त्यात कटर घालायचा नाही. कडबा काढल्यावर उरलेल्या धसकटांसाठी कटर घ्यावा म्हटले तर पाती जमिनीला टेकवावी लागतात आणि दगडाने दोन दिवसांत बोथट होतात. धसकटांना वखरच बरा. म्हणजे ज्वारीच्या नावाने कटर घेण्यात अर्थ नाही. आपल्यापुरता हा प्रश्न पऱ्हाटीचा, आणि फार तर तुरीच्या तुराट्यांचा आहे.

आता हिशेबाकडे वळू. शेडमधल्या पोराने एका कागदावर तो मांडून दिला, आम्ही इथे विस्ताराने देतो.

पहिली गल्लत ५४० या आकड्याची. पीटीओवर ५४० लिहिलेले असते, कटरवरही ५४० लिहिलेले असते, आणि दुकानात सांगतात की जुळले. तारापूरच्या अणुवीज केंद्रातले २००५-०६ साली सुरू झालेले दोन संच प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आहेत. तिथला ५४० ताकदीचा आकडा आहे. पीटीओवरचा ५४० नुसता फेऱ्यांचा आहे, शाफ्ट मिनिटाला किती वेळा फिरतो एवढेच तो सांगतो. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा शाफ्टही ५४० फिरतो आणि ५० च्या ट्रॅक्टरचाही. फेरे जुळले म्हणजे ताकद जुळली असे होत नाही. पोराचा आणि पैलवानाचा चालण्याचा वेग सारखा असू शकतो, म्हणून दोघांच्या डोक्यावर सारखे पोते देत नाहीत.

दुसरी गल्लत अश्वशक्तीची. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. कटरला मिळते ती पीटीओची ताकद. मधल्या चाकांत, पंपात, पंख्यात काही खर्ची पडते. इंजिनाच्या शंभरातले साधारण ८० ते ८८ पीटीओवर पोचतात. म्हणजे २४ च्या ट्रॅक्टरला २० ते २१ धरा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पीटीओची अश्वशक्ती वेगळी छापलेली असते. दुकानात जाताना ती पुस्तिका खिशात हवी.

आता रुंदी. गवतासाठी कटरच्या दर फुटाला पीटीओची ५ अश्वशक्ती लागते, असा सर्वत्र वापरला जाणारा अंदाज आहे. त्या हिशेबाने आमच्या ५ फुटी कटरला २५ हवी होती, आमच्याजवळ २० होती. ४ फुटी बरोबर बसला असता. १८ च्या ट्रॅक्टरला पीटीओवर १५ येतात, त्याला ३ फुटी. २८ च्या ट्रॅक्टरला २३-२४ येतात, तो साडेचार फुटांपर्यंत जाईल. ५ फुटी निवांत चालवायचा असेल तर ट्रॅक्टर ३५ च्या घरातला पाहिजे. दुकानदाराच्या धुऱ्यावर आमचा ५ फुटी चालला याचे कारण उन्हाळ्यातले ते विरळ, वाळलेले गवत. त्यात २० अश्वशक्तीही पुरली. नवरी पाहायला गेलो होतो लग्नाच्या मांडवात, घरची सकाळ पाहिलीच नाही.

पण पऱ्हाटी म्हणजे गवत नव्हे. गवत सलग कापावे लागते, ते ट्रॅक्टरचा दम काढते. पऱ्हाटीत दोन झाडांमध्ये मोकळी जागा असते, पण प्रत्येक झाड बुडाशी बोटाएवढे किंवा अंगठ्याएवढे लाकूड असते. ती दणके देते, आणि दणका सहन करण्याचे काम अश्वशक्ती करत नाही. ते गिअर बॉक्सची चाके, पात्याचे वजन आणि छताचा पत्रा करतात. म्हणून रुंदी ठरवताना ट्रॅक्टरची ताकद पाहायची आणि जाडी ठरवताना बुंधा पाहायचा. पालघरच्या वाडीतला ४ फुटी हलका कटर तिथे दहा वर्षे टिकेल, आपल्याकडे तो एक हंगाम काढणार नाही. पाहुण्याच्या घरी पाहून तसाच इथे मागवाल तर फसाल. गिअर बॉक्स किती अश्वशक्तीचा आहे ते कटरच्या पाटीवर लिहिलेले असते. तो आकडा ट्रॅक्टरच्या पीटीओपेक्षा चांगला दीडपट-दुप्पट असावा, असे आमचे मत आहे.

आता कोणी म्हणेल, जाड पत्र्याचा, जड पात्यांचा ५ फुटीच घेऊ आणि हळू चालवू. इथे वजन आडवे येते. बऱ्यापैकी जाड पत्र्याचा ४ फुटी कटर दोनशे-सव्वादोनशे किलोपर्यंत जातो, ५ फुटी तीनशेच्या घरात. छोट्या ट्रॅक्टरची उचल पुस्तिकेत ५०० ते ७५० किलो लिहिलेली असते, त्यामुळे वाटते की काय अडचण आहे. पण ती उचल खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. कटरचे वजन त्या टोकापासून दोन-तीन फूट मागे लोंबत असते. तराफ्याच्या टोकावर बसलेला माणूस मधल्या माणसापेक्षा जड वाटतो, तसे ते आहे. कटर उचलला की पुढची चाके हलकी होतात. सपाट वावरात हे कळत नाही. धुरा ओलांडताना, नाल्यातून चढताना कळते, तेव्हा स्टिअरिंग फिरवावे आणि ट्रॅक्टरने ऐकू नये. आमचा ट्रॅक्टर एकदा असाच सरळ शेजाऱ्याच्या तुरीत गेला. पुढे वजने लावणे हा इलाज आहे, पण तो रोगापेक्षा मोठा होऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो, कारण हे कोणत्याही दुकानात सांगत नाहीत. कपाशीत रुंदी फुटांत मोजायची नसते, ओळींत मोजायची असते.

तुमची कपाशी तीन फुटी ओळीवर आहे असे धरा. छोट्या ट्रॅक्टरची मागची चाके बाहेरून बाहेरपर्यंत तीन ते चार फूट असतात. दोन ओळींच्या मधोमध ट्रॅक्टर घातला तर चाके बरोबर दोन्ही ओळींवर चढतात, पऱ्हाटी आडवी पडते, पात्याखाली नीट येत नाही आणि खुंट टायरमध्ये घुसतात. म्हणून ट्रॅक्टर ओळीच्या डोक्यावरून, ओळ दोन चाकांच्या मध्ये घेऊन चालवावा लागतो. मग ४ फुटी कटर मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पोचतो. शेजारची ओळ तीन फुटांवर आहे. ५ फुटी कटर अडीच-अडीच फूट पोचतो. शेजारची ओळ तरीही तीन फुटांवरच आहे. म्हणजे ४ फुटी असो की ५ फुटी, एका फेरीत ओळ एकच. आम्ही जास्तीचा एक फूट विकत घेतला, त्याचे वजन उचलले, त्याच्यासाठी डिझेल जाळले, आणि तो फूट सबंध वावरभर हवा कापत फिरला.

हे कागदावर पाहिल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. गटाच्या तीन बैठका झाल्या होत्या या खरेदीसाठी. एकाही बैठकीत कोणी दोरी घेऊन ओळ मोजली नव्हती.

चार फुटी ओळ असेल तर गोष्ट बदलते. तिथे छोट्या ट्रॅक्टरची चाके दोन ओळींच्या मध्ये सुखाने बसतात आणि दोन्ही ओळी मधल्या रेषेपासून दोन-दोन फुटांवर असतात. अडीच फूट पोचणारा ५ फुटी कटर दोन्ही ओळी एका फेरीत घेतो. ४ फुटी काठावर येतो, धड कापत नाही. मग चार फुटी ओळवाल्याला ५ फुटी कटर योग्य, पण त्यासाठी ट्रॅक्टर ३५ चा हवा आणि तोही बेताच्या अंगाचा, नाहीतर चाके पुन्हा ओळीला भिडतात. २४ चा असेल तर त्याने ४ फुटी घेऊन एक-एक ओळ घ्यावी आणि वेळ जास्त लागेल हे मान्य करावे. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले येरझाऱ्यांनी, अशी म्हण आहे. छोट्या ट्रॅक्टरला येरझाऱ्या परवडतात, ओझे परवडत नाही.

वेळेचा हिशेबही देऊन ठेवतो. ताशी ३ किलोमीटर चालीने, तीन फुटी ओळीत, एका फेरीत एक ओळ घेतली तर तासाला पाऊण एकराच्या आत काम होते. वळणे, बोल्ट, पाणी पिणे धरून अर्धा एकर म्हणा. एकराला दोन तास. पाच एकरांना दहा तास. आता पाच एकरवाल्याने स्वतःलाच विचारावे की वर्षातून दहा तासांच्या कामासाठी लोखंड विकत घेऊन बाकीचे दिवस ते गोठ्यात गंजत ठेवायचे का. आमचे स्पष्ट मत आहे की त्याच्यासाठी कटरचे योग्य माप शून्य फूट आहे. त्याने भाड्याने घ्यावा, तासावर नाही, एकरावर दर ठरवून. तासाचा दर असला की चालवणाऱ्याला ओळी सोडायची घाई नसते आणि वावर पुरे करायचीही नसते.

मग एवढा खटाटोप कशासाठी, जाळून टाकणे काय वाईट, असे विचारणारे बैठकीत असतातच. त्यांना २०१७ चा हंगाम आठवत असेल. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी बोंडे आतून पोखरली आणि हातात कवडी आली. ही अळी फरदडीत आणि पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत तग धरते. डिसेंबर-जानेवारीत पीक संपवून पऱ्हाटीचा वेळेवर निकाल लावणे हा तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. धुऱ्यावर चार-पाच महिने रचून ठेवलेला ढीग म्हणजे तिच्यासाठी बांधलेली धर्मशाळा. पऱ्हाटीही थोडीथोडकी नसते, हेक्टरी दोन-तीन टन धरा. पण इथेही रोटरी कटरची मर्यादा सांगितली पाहिजे. तो हातभर, वीतभर तुकडे करतो, बोंड फुटेलच असे नाही. बारीक चुरा हवा असेल तर पुष्कळ लहान पात्यांचा श्रेडर किंवा मल्चर लागतो, आणि त्याला दर फुटामागे कटरपेक्षा बरीच जास्त ताकद लागते. २४ च्या ट्रॅक्टरवाल्याने त्याच्या वाटेला विचार करूनच जावे. कटरवाल्याने आधी शेळ्या-मेंढ्या सोडून बोंडे खाऊ द्यावीत, मग कटर घालावा. मूळ जमिनीत राहतेच. अवकाळी पाऊस झाला तर ते पुन्हा फुटते, म्हणून मागून वखराची पाळी हवीच. आणि ज्यांच्या जवळपास पऱ्हाटी विकत घेणारा आहे, किंवा ज्यांच्या घरात अजून चुलीला पऱ्हाटीच लागते, त्यांनी चिमट्याने उपटावी. त्यांना कटरची गरज नाही.

अनुदानाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण आमची चूक तिथूनच सुरू झाली. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०१४-१५ पासून अवजारांची प्रतवारी ट्रॅक्टरच्या ताकदीवर केली गेली: २० च्या आतला, २० ते ३५ आणि ३५ च्या वरचा. कागदासाठी ही वाटणी ठीक आहे. वावरात २१ चा आणि ३४ चा ट्रॅक्टर एका दावणीला बांधता येत नाहीत. एकाला साडेतीन फूट झेपतो, दुसऱ्याला ५. पण दोघेही एकाच रकान्यात, म्हणून दोघांना एकच अवजार दाखवले जाते आणि जे दुकानात पडून असते तेच दाखवले जाते. अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदी, तपासणी, मग खात्यावर पैसे, या फेऱ्यात माणूस इतका दमतो की पूर्वसंमती हातात आल्यावर मिळेल ते उचलतो. आम्ही तसेच उचलले. अल्पभूधारकाला किमतीचा जो अर्धा भाग परत मिळायचा, तो मिळाला तरी उरलेला अर्धा आपल्याच खिशातून जातो. चुकीच्या मापाची वस्तू अर्ध्या किमतीत मिळाली तर ती स्वस्त पडत नाही, आपण अर्धी किंमत पाण्यात टाकलेली असते. अनुदान घ्या, आम्ही नको म्हणत नाही. पण माप आधी ठरवा, अर्ज नंतर करा. पावतीही नीट पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा आणि शेतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना कर लावलेली पावती कोणी देत असेल तर परत करा.

चालवण्याविषयी दोन शब्द, विशेषतः मायबहिणींसाठी, कारण कटर चालतो तेव्हा मागे वेचायला त्याच असतात. ४ फुटी कटरचे पाते मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्याचे टोक ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरते. त्या टोकाला लागलेला दगड बंदुकीच्या छऱ्यासारखा येतो. आपली वावरे मुरमाड, दगड जागोजाग. कटरच्या मागे-पुढे साखळ्यांचा पडदा असल्याशिवाय तो घेऊ नये, आणि चालू असताना शंभर पावलांच्या आत कोणी थांबू नये. शाफ्टवर झाकण पाहिजेच. पदर, धोतराचा सोगा, उपरणे, काहीही त्यात गुंतले तर ५४० फेरे माणसाची वाट पाहत नाहीत. पात्यात अडकलेली पऱ्हाटी काढताना इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची, नुसता पीटीओ सोडवून भागत नाही. ट्रॅक्टरच्या पोटाखाली जाड पत्रा बसवून घ्या, कारण ओळीच्या डोक्यावरून चालताना वाकलेली पऱ्हाटी हायड्रॉलिकच्या नळ्या ओरबाडते. कटर जमिनीपासून चार बोटे वर ठेवा, जमीन तासू नका. आणि कापल्यावर जे तिरके, टोकदार खुंट उरतात ते बैलाच्या खुरात जातात. वखराला त्याच दिवशी बैल घालू नका, आधी खुंट पाहून घ्या.

शेडमधल्या पोराने गिअर बॉक्समध्ये नवी चाके बसवून दिली. मजुरी घेईना. शेवटी त्याच्या आईसाठी निरोप आणि सामानाचे पैसे देऊन आम्ही परत आलो. ५ फुटी कटर आता चालू स्थितीत आहे आणि आमच्या २४ च्या ट्रॅक्टरला तो पुन्हा लावायचा नाही असे गटाने ठरवले आहे. चिंचणीच्या त्या वाडीवाल्याच्या शेजाऱ्याकडे ४५ चा ट्रॅक्टर आहे आणि मोकळे माळ आहेत. त्याने फोनवर चौकशी केली आहे, वाहतूक आपण करायची असे म्हणतो. दुसरे गिऱ्हाईक आपल्याच जिल्ह्यातले, चार फुटी ओळवाले, ३५ च्या ट्रॅक्टरवाले आहे, पण ते पैसे दिवाळीनंतर देणार. अनुदानावरची वस्तू विकता येते का आणि किती वर्षांनी, हे कृषी कार्यालयातून लेखी मागवले आहे. उत्तर जिल्हा बैठकीत वाचून दाखवू, मग निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. येणाऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका बरोबर आणावी आणि येण्याआधी वावरात जाऊन दोन ओळींमधले अंतर दोरीने मोजून, त्या दोरीला गाठ मारून आणावी.